आठ दिवस आधी तोडलेली द्राक्षं

जेरार्दाने सकाळपासून सहा पाहुण्यांचा स्वयंपाक केला होता, आणि आता तो सगळा तिला एका अशा माणसापुढे नेऊन ठेवायचा होता जो परवापासून पाण्याखेरीज कशालाही शिवला नव्हता.

पाहुणे परदेशी होते. मिलानची लुदोविका नावाची एक मुलगी अशा लोकांना गाडीत घालून दक्षिण इटलीतल्या आमच्या डोंगरात आणते. "विसरलेल्या गावांची चव" असं काहीतरी त्या सहलीचं नाव आहे. आम्हाला नक्की कोण विसरलं हे आम्हाला कधी कळलं नाही, कारण आम्ही कायम इथेच होतो. गावातल्या कुणाच्या तरी घरी जेवण, सोबत घरची वाइन, मग फोटो, मग पुढचं गाव. या वेळी जेवणाचा मान जेरार्दाला मिळाला होता. मडक्यात मंद आचेवर शिजवलेलं मेंढीचं मटण, चणे घातलेला हातचा पास्ता, कुरकुरीत तळलेल्या वाळक्या लाल मिरच्या, असा सगळा बेत ठरला होता. आणि ऐन वेळी समोरच्या घरातली आर्कांजेला गेली. भांडी घासता घासता खुर्चीवर बसली, ती उठलीच नाही. काल तिला माती दिली, आणि आज सांत्वनाचं जेवण न्यायची पाळी शेजारधर्माने जेरार्दावरच आली.

मयत आणि पर्यटक यांत आधी कोण, हा प्रश्न आमच्या रिपासेर्रा गावात कुणाला पडत नाही. जेरार्दाने नवऱ्याला, नुन्त्सिओला, चौकातल्या कारंज्यापाशी पिटाळलं. गावात फोनला रेंज फक्त तिथेच येते. लुदोविकाला आज येऊ नका म्हणून सांग, एवढंच काम होतं. नुन्त्सिओ गेला, कारंज्याशेजारी पत्त्यांचा डाव बसला होता तिथे घटकाभर टेकला, आणि दुपारी घरी येताना त्याला एवढंच आठवत होतं की आपण घरून कशासाठी तरी निघालो होतो. बायकोने विचारलं, "झालं का?" तो म्हणाला, "झालं." पत्त्यांचा डाव खरोखरच झाला होता.

आता सांत्वनाच्या जेवणाचे आमचे नियम आहेत. मयताच्या घरात चूल पेटत नाही. शेजारी जेवण आणतात, आणि आणलेलं अन्न उंबरठा ओलांडून परत जात नाही. आत येताना कुणी कुणाला नमस्कार करत नाही, जाताना निरोप घेत नाही, कुणी कुणाचे आभार मानत नाही. घरचा माणूस चार घास खात नाही तोवर टेबलावरून कुणी उठत नाही. हा शेवटचा नियम म्हाताऱ्यांनी मोठ्या शहाणपणाने केला असावा, कारण दुःखातला माणूस स्वतःसाठी खात नसला तरी अवघडून बसलेल्या दहा शेजाऱ्यांकडे बघून खातो. पण नियम करणाऱ्यांना कानिओ माहीत नव्हता.

कानिओ म्हणजे आर्कांजेलाचा नवरा. त्या दोघांना मूलबाळ झालं नाही, तेव्हा त्यांनी एक भांडण सांभाळलं आणि लाडाने वाढवलं. उन्हाळ्यात ते टोमॅटोवरून असे, हिवाळ्यात सरपणावरून, पण त्याचा खरा हंगाम म्हणजे द्राक्षतोडणी. कानिओला तोडायची घाई, तिला थांबायची हौस. पन्नासेक वर्षांच्या संसारात कानिओच्या तोंडून "तुझं बरोबर आहे" हे शब्द कुणी ऐकले नव्हते. एकदा ती म्हणाली, तुझी तीनचाकी चर्चमागच्या बोळातून जाणार नाही. त्याने घातली. गाडी दोन भिंतींमध्ये अशी अडकली की दारही उघडेना. अख्खं गाव जमलं, ती समोर कमरेवर हात ठेवून उभी, आणि कानिओ आत बसून काचेतून सगळ्यांना सांगत होता की ही भिंत सरकली आहे.

या वर्षी डोंगरावर ढग दिसले आणि कानिओ पाट्या घेऊन निघाला. आर्कांजेलाने एक मणी तोंडात टाकला, बी चावून पाहिली आणि म्हणाली, अजून आठ दिवस थांब. तो थांबला नाही. पाऊसही पडला नाही. तेव्हा तो पिंपात रस ओतत असताना ती म्हणाली होती, "घाल, घाल. व्हिनेगर छान होईल. सान मार्तिनोला पहिला घोट मी घेईन, मग बोलू."

सान मार्तिनोच्या दिवशी, नोव्हेंबरात, आम्ही नव्या वाइनची पिंपं उघडतो. आर्कांजेला त्याच्या आदल्या दिवशी गेली.

दफनाहून परतताना कानिओने नुन्त्सिओला थांबवलं आणि एवढंच सांगितलं, "ते पिंप कुणी उघडायचं नाही. चांगली निघाली तर कुणापुढे मिरवू? आणि वाईट निघाली तर मला बोलणार कोण?" नुन्त्सिओने मान डोलावली. त्याला फार वाईट वाटलं. गावात सगळ्यांनाच वाटलं, कारण आर्कांजेलाचा आवाज नसलेली ती गल्ली आता कुणालाच ओळखू येत नव्हती.

तर जेरार्दाने मडकं फडक्यात गुंडाळलं, डोक्यावर काळी ओढणी घेतली आणि गल्ली ओलांडायला पाऊल टाकलं. नेमकी त्याच वेळी लुदोविका आपली सहा माणसं घेऊन वळणावर आली. जेरार्दाला ती चेहऱ्याने ओळखत होती. हातात वाफाळतं मडकं घेऊन बाई समोरच्या घरात शिरते आहे, म्हणजे जेवण तिथेच आहे, यात शंका घेण्यासारखं काय होतं? ती सगळ्यांना घेऊन मडक्याच्या मागे निघाली.

आत मोठ्या टेबलाभोवती शेजारीपाजारी गप्प बसले होते. टोकाला कानिओ, वाढलेली दाढी, समोर स्वच्छ ताट. पाहुणे हसत आत शिरले आणि त्यांनी एकेकाला हात पुढे करून नमस्कार केला. कुणी उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायचंच नसतं. एका बाईंनी लुदोविकाला विचारलं, हे लोक रागावलेत का? लुदोविकाने हळू आवाजात समजावलं की डोंगरातली माणसं अबोल असतात, हीच तर खरी गंमत आहे. सगळ्या बायका काळ्या कपड्यांत होत्या, पण दक्षिणेत बायका काळंच घालतात असं तिच्या मिलानच्या आजीने तिला सांगून ठेवलं होतं. मयताच्या घरी झाकतात तशी आरशावर चादर टाकली होती, तिचा एका पाहुण्याने फोटो घेतला.

जेरार्दाच्या हातातलं मडकं पडायचंच बाकी होतं. तिने नुन्त्सिओकडे पाहिलं. नुन्त्सिओने छताकडे पाहिलं. मयताच्या घरी आलेल्याला दारातून परत धाडत नाहीत, हाही आमचा नियमच. आणि शिवाय कालच्या जेवणाची भांडी कोपऱ्यात भरलेलीच पडली होती, कानिओ खात नव्हता, परत नेता येत नव्हतं, टाकणं तर पापच. ही सहा तोंडं देवानेच पाठवली असतील असं मनाशी म्हणून तिने मुकाट्याने ताटं मांडली.

पाहुणे जेवले. जेवले म्हणजे काय, कालचा कोंबडीचा रस्सा, आजचं मटण, मेंढीच्या दुधाचं चीज, सगळ्यावर त्यांनी हात मारला. त्यांच्यात स्वीडनचे एक निवृत्त दाताचे डॉक्टर होते. त्यांनी वाइनचा कुठला तरी अभ्यासक्रम पुरा केला होता आणि पेल्यात नाक घातल्याशिवाय ते घोट घेत नसत. आयुष्यभर लोकांच्या तोंडात डोकावल्यावर आता ते स्वतःच्या तोंडाकडे वळले होते. नुन्त्सिओने घरून आणलेल्या सुरईतली वाइन हुंगून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण प्यायले बऱ्यापैकी.

मग डॉक्टरांचं लक्ष दाराशी चिकटवलेल्या कागदाकडे गेलं. काळी चौकट, मधे हसऱ्या म्हातारीचा फोटो, खाली मोठी अक्षरं. हीच का इथली मुख्य आचारी, त्यांनी विचारलं, आणि खाली काय लिहिलंय? लुदोविका उत्साहाने मोठ्याने वाचायला लागली. दुसऱ्या ओळीवर तिचा आवाज बारीक झाला. तिसऱ्या ओळीला ती थांबली. तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती जेरार्दाच्या कानाशी जाऊन पुटपुटली, "मावशी, मला माहीत नव्हतं हो. आम्ही निघतो. आत्ता निघतो."

"बस खाली," जेरार्दा दातांतून म्हणाली. "आता उठलात तर त्याहून वाईट. त्याने घास घेतल्याशिवाय कुणी उठायचं नाही."

"आणि त्यांनी घेतलाच नाही तर?"

जेरार्दाने तिच्यापुढे ताट सरकवलं. लुदोविकाने आपल्या माणसांना खरी गोष्ट हळूच सांगितली. त्यांचे चेहरे पडले. ज्या बाईंनी रागावलेत का म्हणून विचारलं होतं त्यांचे डोळे भरून आले, त्यांनी चादरीचा फोटो घेणाऱ्याला कोपर मारलं, आणि मग सहाही जण, आता दुसरं काय करावं ते न कळून, पुन्हा जेवू लागले. पोट भरलेलं असताना केवळ सभ्यपणासाठी खाणं किती अवघड असतं ते त्या दिवशी त्यांच्या तोंडावर दिसत होतं. एक एक घास ते पाण्यासारख्या वाइनबरोबर ढकलत होते, आणि म्हणून थोड्याच वेळात सुरई रिकामी झाली.

मयताच्या घरी का होईना, पाहुण्याचा पेला रिकामा राहणं म्हणजे गल्लीची अब्रू जाणं. जेरार्दाने नुन्त्सिओला डोळ्यांनी दाराकडे दाखवलं. जा, आपल्या तळघरातून भरून आण.

इथे नुन्त्सिओची दुसरी भानगड उघडी पडणार होती. त्याचं पिंप रिकामं होतं. नवी वाइन कशी होते आहे हे बघायला तो सप्टेंबरपासून रोज खाली जात होता, आणि बघता बघता पाहायला काही उरलं नव्हतं. सकाळची सुरई म्हणजे तळाचा गाळ आणि त्यात घातलेलं कारंज्याचं पाणी. हे बायकोला सांगण्यापेक्षा त्याने स्वतःला पुरून घेतलं असतं. आमची तळघरं गावाखालच्या कड्यात ओळीने खोदलेली आहेत. त्या वेळी सगळ्यांची दारं बंद होती, कारण सगळे मालक कानिओच्या टेबलाशी बसले होते. एकाच दाराची किल्ली कुठे असते ते नुन्त्सिओला ठाऊक होतं. उंबऱ्याजवळच्या सपाट दगडाखाली. शेजारचं दार. कानिओचं.

तो बराच वेळ तिथे उभा राहिला. कानिओचे शब्द त्याला आठवत होते. पण जेरार्दाही आठवत होती. शेवटी त्याने मनाची समजूत घातली की एक सुरई घेतली तर पिंपाला काही कळणार नाही. लाकडी बूच काढलं, आणि चोरी करतोच आहोत तर खराब माल नको म्हणून आधी स्वतः चाखून पाहिला. मग दुसऱ्यांदा चाखून पाहिला. मग तो तिथेच दगडावर बसला आणि त्याला रडू आलं, कारण इतकी चांगली वाइन तो आयुष्यात प्यायला नव्हता, आणि आर्कांजेलाला ती मिळाली नाही.

तो डोळे पुसत परत आला आणि पेले भरू लागला. पहिलाच पेला डॉक्टरांचा. त्यांनी सवयीने नाक आत घातलं आणि ते बाहेरच काढेनात. बाकीच्यांचे पेले भरता भरता सुरई टेबलाच्या टोकाशी गेली, आणि कानिओने मान वर केली. दोन दिवसांत पहिल्यांदा. त्याने नुन्त्सिओकडे पाहिलं नाही, सुरईकडे पाहिलं. पोटच्या पोराला चालण्यावरून ओळखावं तसं माणूस आपल्या पिंपाला वासावरून ओळखतो. आमच्याकडे ते सांगावं लागत नाही, म्हणून त्या खोलीत जितके शेजारी होते तितक्यांनी एकाच वेळी नुन्त्सिओकडे पाहिलं.

"कानिओ," नुन्त्सिओ म्हणाला. "माझं पिंप संपलंय. सान मार्तिनोच्या आधीच संपलं."

जेरार्दाचा चेहरा लाल झाला. पण तेवढ्यात कानिओने आपला पेला पुढे सरकवला.

नुन्त्सिओने तो भरला. कानिओने तो उचलला, खिडकीच्या उजेडाकडे धरला, आणि शेजारच्या, आर्कांजेलाच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून क्षणभर थांबला. पहिला घोट तिचा होता. तो घ्यायला कुणी नव्हतं. मग त्याने एक घोट घेतला, तोंडात घोळवला, सावकाश गिळला. आणखी एक घेतला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गालावरच्या पांढऱ्या खुंटांत उतरलं, ते त्याने पुसलं नाही.

डॉक्टरांना आता राहवेना. त्यांनी लुदोविकाला भराभर काहीतरी सांगितलं. लुदोविका घाबरत घाबरत म्हणाली, "काका, हे म्हणतायत की इतक्या वर्षांत अशी वाइन त्यांनी चाखली नाही. म्हणतायत, द्राक्षं अगदी बरोबर दिवशी तोडलीत तुम्ही. एक दिवस पुढे नाही, एक दिवस मागे नाही."

कानिओने पेला खाली ठेवला.

"आंबट आहे," तो म्हणाला.

लुदोविकाने भाषांतर केलं. डॉक्टर उभे राहायला निघाले होते, जेरार्दाने त्यांना खांदा दाबून बसवलं. ते बसल्या बसल्या हातवारे करून सांगू लागले, काळ्या चेरीबद्दल, तंबाखूबद्दल, आणखी कशाकशाबद्दल, शिकलेलं सगळं.

"त्यांना सांग, आंबट आहे," कानिओ म्हणाला. त्याचा आवाज आता स्पष्ट होता, खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू जाईल इतका, आणि तो बोलत होता खुर्चीकडे बघून. "आठ दिवस थांबायला हवं होतं. तिने सांगितलं होतं मला. बी चावून सांगितलं होतं. तिचं बरोबर होतं."

मग जेरार्दाने समोरचा पेला उचलला आणि एक मोठा घोट घेतला. तिच्या लग्नातसुद्धा तिला अशी वाइन मिळाली नव्हती. ती जिभेवरून खाली उतरताना तिचे डोळे आपोआप मिटले. मग तिने डोळे उघडले, लिंबू चावल्यासारखं तोंड केलं आणि म्हणाली, "नुसतं व्हिनेगर."

पलीकडच्या बायकांनीही चाखली. एकीने नाक मुरडलं, एक म्हणाली, सॅलडवर बरी लागेल. "घशाखाली उतरत नाही," नुन्त्सिओ म्हणाला आणि त्याने पेला पुन्हा भरला. डॉक्टर एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. शिकलेलं सगळं खोटं होतं की काय, असा त्यांचा चेहरा झाला होता. डोळे भरून आलेल्या त्या बाईंनी त्यांचा हात धरला, रिकाम्या खुर्चीकडे मान वळवली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी एकच शब्द सांगितला. डॉक्टरांनी पेला उचलला, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला, आणि सगळ्यांना दिसेल असं मोठं वाकडं तोंड केलं.

तेव्हा कानिओने मडकं पुढे ओढलं. मटण गार झालं होतं. त्याने पावाचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. तो भुकेला होता, हे त्याला त्या क्षणी कळलं असावं, कारण मिरच्यांची थाळीही त्याने जवळ घेतली. टेबलाभोवतीची माणसं एक एक करून उठली. कुणी निरोप घेतला नाही, कुणी आभार मानले नाहीत. पाहुणेसुद्धा आता शिकले होते, तेही तसेच मान खाली घालून बाहेर पडले. गल्लीत पोचल्यावर जेरार्दाने नवऱ्याचा दंड धरला, पण मयताच्या दारात आवाज चढवायचा नसतो, म्हणून पुढचं सगळं घरी झालं.

त्यातून सुटका झाल्यावर नुन्त्सिओ संध्याकाळच्या सुमाराला किल्ली परत द्यायला गेला. कानिओ दारात बसला होता. सुरईत राहिलेली वाइन त्याने दोन पेल्यांत ओतली होती, एक त्याच्या हातात होता, दुसरा शेजारी पायरीवर. नुन्त्सिओला वाटलं तो आपल्यासाठी आहे, आणि मग वाटलं, नसावा. तो उभाच राहिला.

"कानिओ," तो म्हणाला, "चोरी केली मी, कबूल आहे. पण खरं सांगू का? ही वाइन तू केलेल्या सगळ्यांत..."

"माहीत आहे," कानिओ म्हणाला. "हळू बोल. तिला ऐकू जाईल."